पालवीची तांबडी छत्री

फाल्गुन संपत आला, की पौडच्या पुढे डोंगरांचा रंग बदलू लागतो. भातखाचरे कधीच वाळून गेलेली असतात, उतारावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, आणि मुळशीच्या जलाशयाचे पाणी काठ सोडून खाली खाली चाललेले असते. या साऱ्या करड्या-पिवळ्या पसाऱ्यात मध्येच एखादे झाड अंगावर कुंकू उधळल्यासारखे लालभडक उभे दिसते. ताम्हिणीकडे निघालेल्या पुण्याच्या गाड्या थांबतात, मंडळी उतरतात, फोटो काढतात आणि रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या गुराख्याला विचारतात, "कसली हो ही फुलं?"

फुले नव्हेतच ती. ती कोशिंबाची पाने. कोशिंब म्हणा, कुसुंब म्हणा, झाड एकच. त्याची कोवळी पाने जन्मतात ती लाल, आणि दोन-तीन आठवड्यांत तांबूस, पोपटी होत होत हिरवी होतात. थोडे निरखून पाहिले तर हा थाट एकट्या कोशिंबाचा नाही हे ध्यानात येते. आंब्याची पालवी तांबूस, जांभळाची तांबूस, पिंपळाची गुलाबी तांब्याची, पायरीची लालसर आणि सीताअशोकाची तर मलूल होऊन खाली लोंबणारी, तपकिरी-जांभळट. चैत्रपालवी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोपटी रंग येतो. सह्याद्रीतली चैत्रपालवी बरीचशी तांबडी असते.

शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवूनही हा रंग मी केवळ एक शोभा म्हणूनच पाहत आलो. त्यामागचा अर्थ मला कळला तो माझ्याच हातून चौसष्ट रोपे होरपळली तेव्हा.

त्याचे असे झाले. माझ्या सासुरवाडीचे मूळ गाव मुळशीच्या धरणात गेले. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. भाताची जमीन पाण्याखाली गेली. वर उरली ती दीड एकर वरकस. त्या वरकसात एक जुना कोशिंब होता, तो पुढे कधीतरी कोळशाच्या भट्टीत गेला. माझे सासरे, आबा, त्या झाडाखाली गुरे घेऊन बसत. वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी ते एकदा म्हणाले, "जावईबापू, तेवढं एक झाड परत उभं राहिलं असतं तर बरं झालं असतं." निवृत्त शिक्षकाला एवढे निमित्त पुरते. मी बिया मिळवल्या, पुण्यात आमच्या गच्चीवर हिरवी जाळी बांधली आणि तिच्या गार सावलीत पिशव्यांमधून रोपे वाढवली. वर्षभरात रोपे अशी काही तरारली, की शेजारीपाजारी बघायला येत. मोठी, मऊ, हिरवीगार पाने! त्या पानांत लालीचा मागमूस नव्हता, हे मला तेव्हा खटकलेही नाही.

जूनमध्ये मृगाची पहिली सर झाली आणि टेम्पोत रोपे घालून मी मुळशी गाठली. दोन दिवसांत चौसष्ट रोपे लावून झाली. आणि नेमकी उघडीप पडली. आठ दिवस लख्ख ऊन. नवव्या दिवशी पाहतो तो पानांवर आधी पांढुरके आणि मग तपकिरी डाग. कडा करपलेल्या. पंचेचाळीस रोपांनी पाने टाकली होती. पाणी कमी पडले म्हणावे, तर माती बोट घातले तरी ओली लागत होती.

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, त्यांना धड दिसत नव्हते. त्यांनी एक पान हातात घेतले, बोटांनी चुरडून पाहिले. ते पापडासारखे मोडले. मग म्हणाले, "सावलीत वाढवली होती ना? बाळंतिणीच्या खोलीतलं पोर आपण एकदम दुपारच्या उन्हात आणून ठेवतो का? आधी कोवळं ऊन दाखवतो."

त्या वाक्याने मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो.

ऊन म्हणजे काय काय, ते आधी पाहायला हवे. आपल्याला दिसतो तो प्रकाश आणि जाणवते ती उष्णता, यांखेरीज उन्हात आणखी एक भाग असतो. जुन्या मराठी ग्रंथांत त्याला 'जंबुपार' किरण म्हणत. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे ते जंबुपार. किती सुरेख शब्द! आता आपण अतिनील म्हणतो. या किरणांचे तीन वर्ग पाडतात. सगळ्यांत जहाल तो 'क' वर्ग. तो वरच्या हवेतच अडतो, जमिनीवर येतच नाही. 'अ' वर्ग सौम्य, तो बहुतांशी खाली पोचतो. मधला 'ब' वर्ग ओझोनच्या थरात बराचसा गाळला जातो, पण थोडासा निसटून खाली येतोच. साऱ्या उन्हात त्याचा वाटा शंभरात एकाहूनही कमी. मात्र खोडी काढतो तो हाच.

या मोजमापाशी पुण्याचा जुना संबंध आहे. शिवाजीनगरच्या ज्या हवामान खात्याच्या कचेरीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात, तिथे १९४८ साली अण्णा मणी नावाच्या एक तरुण बाई रुजू झाल्या. मूळच्या केरळच्या. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेल्या. परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणे त्यांनी इथे बनवून घेतली, देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रे उभारली आणि १९६०च्या दशकात फुग्याला बांधून वर सोडायचे ओझोनमापक भारतीय बनावटीचे तयार केले. हा ओझोन थर केवढा असेल? साऱ्या उंचीवरचा ओझोन गोळा करून जमिनीवर पसरला, तर आपल्याकडे त्याची जाडी जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटर भरेल. विषुववृत्ताच्या आसपास तो थर थंड देशांतल्यापेक्षा पातळच असतो. त्यात आपला सूर्य डोक्यावरचा. मेच्या मध्याला पुण्या-मुळशीत तो भरदुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जूनमध्येही तो माथ्यापासून फारसा ढळलेला नसतो. मृगाच्या सरीने हवेतली धूळ धुतली गेली, की वाटेतला तोही अडसर जातो. माझी रोपे मी नेमकी त्या उन्हात नेऊन ठेवली होती.

आपण उठून सावलीत जातो. झाडाला ती सोय नाही. शिवाय ऊन हेच त्याचे अन्न, म्हणजे पाठ फिरवून उपाशी राहण्यातही अर्थ नाही. पानात हरितद्रव्य प्रकाश पकडते आणि त्यावर स्वयंपाक चालतो. चुलीत जळण बेताचे असेल तोवर ठीक. भसाभस घातले की ठिणग्या उडतात. तसेच पानाचे होते. प्रकाश गरजेहून जास्त झाला, की त्याची शक्ती हवेतल्या प्राणवायूच्या हाती लागते आणि एरवी निमूट असणारा प्राणवायू खवळतो. त्याचे हे खवळलेले कण शेजारच्या प्रथिनांना, पेशीच्या पातळ पडद्यांना आणि हरितद्रव्यालाही चावे घेत सुटतात. अतिनील किरण यात भर घालतात आणि एक वेगळा घावही करतात. पेशीच्या गाभ्यातला जो डीएनए, ज्यात पुढचे सारे काम लिहून ठेवलेले, त्यातल्या शेजारशेजारच्या दोन अक्षरांची ते गाठ मारतात. तेवढी ओळ मग वाचता येत नाही.

यावर झाडाने केलेला बंदोबस्त पाहिला की थक्क व्हायला होते. पहिली तटबंदी पानाच्या कातडीत. वरच्या पेशींमध्ये फ्लॅवोनॉइड जातीची द्रव्ये साठवलेली असतात. ती अतिनील किरण शोषतात आणि कामाचा प्रकाश मात्र आत सोडतात. रंगाने ती फिकट पिवळी किंवा बिनरंगीच, म्हणून डोळ्यांना जाणवत नाहीत. १९९३ साली अमेरिकेत मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या तणावर प्रयोग झाला. ही द्रव्ये बनवताच न येणारी रोपे आणि साधी रोपे अतिनील 'ब' किरणांखाली ठेवली. पहिल्यांची दशा झाली. साधी निभावून गेली.

तटातून निसटून जे आत जाते, त्याच्यासाठी दुसरी फळी असते, अँटिऑक्सिडंट द्रव्यांची. हा शब्द हल्ली साबणापासून बिस्किटापर्यंत सगळ्या वेष्टनांवर दिसतो, पण त्याचे काम साधे आहे. चिरलेल्या सफरचंदाची फोड हवेने काळी पडते. तिच्यावर लिंबू पिळले तर पडत नाही. लिंबातले क जीवनसत्त्व प्राणवायूचा तडाखा स्वतःवर घेते आणि फोड वाचते. पानातही हेच क जीवनसत्त्व असते, आणि ते भरपूर असते. पेशीच्या तेलकट पडद्यांमध्ये ई जीवनसत्त्व पहारा देते. ते तडाखा खाऊन निकामी झाले, की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा उभे करते. मग क जीवनसत्त्वाला सावरायला ग्लुटाथायोन नावाचे तिसरे द्रव्य पुढे येते. विहिरीवरून हातोहात घागरी यायच्या, तशी ही साखळी चालते. हरितद्रव्याच्या अगदी लगत गाजराच्या कुळातली पिवळी-नारिंगी द्रव्ये असतात. ती जादा शक्ती शोषून तिची नुसती ऊब करून टाकतात. फ्लॅवोनॉइडही केवळ पडदा नव्हेत, तेही प्राणवायूचे तडाखे झेलतात. एकाच द्रव्याची ही दुहेरी चाकरी मला फार आवडते.

इतके करूनही घाव बसतातच. त्यांच्यासाठी पेशीत एक कारागीर फिरत असतो, फोटोलायेज नावाचे एक विकर. डीएनएवर बसलेली गाठ तो शोधतो आणि सोडवतो. ते करायला त्याला निळा प्रकाश लागतो. म्हणजे ज्या उन्हाने दुखापत केली, तेच ऊन औषधही देते. हा कारागीर भातात असतो, बेडकात असतो, जंतूंत असतो. माणसात आणि त्याच्या जवळच्या सस्तन नातलगांत मात्र तो नाही. उत्क्रांतीच्या वाटेवर आपण त्याला कुठेतरी हरवून बसलो आणि आपल्याला दुसऱ्या दुरुस्तीवर भागवावे लागते. जपानी शास्त्रज्ञांनी भाताच्या दोन वाणांची तुलना केली होती. सासानिशिकी हा वाण अतिनील किरणांपुढे टिकतो, नोरिन-१ कोमेजतो. कारण शोधले तेव्हा दिसले, की नोरिनमधल्या या कारागिराच्या घडणीत एका जागी एक खडा बदललेला आहे. मुळशीच्या खाचरात आंबेमोहोराची लावणी बघताना आता मला ती गोष्ट हटकून आठवते.

आता माझ्या गच्चीवर येऊ. ही सारी तटबंदी झाड जन्मापासून बाळगत नाही. ती द्रव्ये बनवायला साखर खर्ची पडते, आणि गरज नसताना खर्च करील ते झाड कसले! मग गरज आहे हे त्याला कळते कसे? २०११ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. वनस्पतीच्या पेशीत एक प्रथिन जोडीने हातात हात घालून असते. अतिनील 'ब' किरण पडले की त्यांचे हात सुटतात, आणि सुटे झालेले प्रथिन पेशीच्या गाभ्यात जाऊन वर्दी देते. तिथून फ्लॅवोनॉइड बनवण्याचे हुकूम सुटतात. काचघरात वाढलेल्या रोपांना ही वर्दी मिळतच नाही, कारण साधी काच 'ब' किरण अडवते. माझ्या जाळीने सगळेच ऊन निम्म्याहून कमी केले होते. पाने ऐषआरामात मोठी झाली, पातळ झाली. छत्री उघडायला त्यांना कोणी सांगितलेच नाही. नुसत्या अतिनील किरणांनी ती करपली असे मी म्हणणार नाही. लख्ख प्रकाश, उष्मा, हलवाहलव, सगळ्याचा हात त्यात असणार. पण बिनतयारीच्या पानावर हे सारे एकदम कोसळले, एवढे खरे.

आणि तो लाल रंग? इथे थोडे जपून बोलायला हवे. तो रंग अँथोसायनिनचा. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर उमटतो त्याच जातीचा, कोकमाच्या आगळात असतो त्याच जातीचा. हीही फ्लॅवोनॉइडांचीच भावंडे. पण अतिनील किरण अडवण्याचे मुख्य काम त्यांच्या बिनरंगी भावंडांचे. लाल द्रव्य दिसणाऱ्या प्रकाशातला हिरवा-निळा भाग शोषते आणि अजून घडी न बसलेल्या हरितद्रव्यावरचा भार हलका करते. शिवाय खवळलेल्या प्राणवायूला आवर घालायचे काम आहेच. काहींच्या मते ही लाली किडींना चकवण्यासाठी असावी, कारण पुष्कळ किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही. दोन्ही खरे असायला हरकत नाही. आपल्याकडची झाडे ऐन उन्हाच्या तोंडावर पालवतात, पाऊस यायला दोन-अडीच महिने असतात, आणि पान तर कालचे पोर. कातडी जून होईपर्यंत त्याला पांघरूण हवेच. सीताअशोकाची आणि आंब्याची कोवळी पाने खाली मान घालून लोंबतात, त्यामागेही ऊन अंगावर सरळ न घेण्याची युक्ती असावी असे मला वाटते.

गंमत म्हणजे असाच बंदोबस्त आपल्या मसाल्याच्या डब्यातही सापडतो. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. स्वयंपाक शेवाळाचा, घर बुरशीचे. ते उघड्या खडकावर, झाडाच्या सालीवर आयुष्य काढते. बुरशी आपल्या वरच्या सालीत ॲट्रानोरिनसारखी द्रव्ये साठवते आणि खालच्या नाजूक शेवाळाला उन्हापासून जपते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतल्या दगडफुलांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे, त्यांच्यातल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांवरही. मसाला भाजताना आमच्या घरी आता मी हे सांगायला लागलो, की सौ. म्हणते, "आधी ते दगडफूल निवडा, त्यात खडे आहेत."

वाचकांपैकी कोणी विचारील, मग याच्या गोळ्या घ्याव्यात का? मलाही तसा मोह झाला होता. पण १९९४ साली फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. धूम्रपान करणाऱ्या एकोणतीस हजार पुरुषांवर ती झाली होती. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी अठरा टक्क्यांनी जास्तच आढळला. पानात ही द्रव्ये एकमेकांचा हात धरून, ठरल्या जागी, ठरल्या वेळी काम करतात. त्यातले एक उचलून गोळीत भरले म्हणजे ते पोटात जाऊन तेच काम करील असे नाही. मी आपला आवळा खातो, आणि तोही आवडतो म्हणून.

दुसऱ्या वर्षी मी पन्नास रोपे केली. मेच्या मध्यापासून जाळी उघडायला लागलो. पहिले चार दिवस सकाळी आठपर्यंतचेच ऊन. मग नऊपर्यंत. मग दहा. रोज उठून पिशव्या सरकवायच्या, पुन्हा आत घ्यायच्या. तीन आठवड्यांत पाने लहान राहिली, पण जाड झाली, आणि नवी फूट आली ती गच्चीवर प्रथमच तांबूस आली. शेजाऱ्यांना वाटले, रोग पडला. जूनमध्ये ती मुळशीला नेली. याही वेळी उघडीप पडली, दहा दिवसांची. पन्नासातली अडतीस रोपे जगली. कोवळे ऊन आणि कोवळे पान यांना आपल्या भाषेने एकच विशेषण का दिले असेल, असा विचार त्या दिवसांत पुष्कळदा मनात आला.

त्याच हिवाळ्यात आबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. आपल्या डोळ्यातले भिंगही आयुष्यभर अतिनील किरण गाळत असते आणि त्या कामात हळूहळू पिवळे, गढूळ होत जाते. मोतीबिंदूला इतरही कारणे आहेत, वय तर आहेच. पण उन्हात राबणाऱ्यांना तो अधिक होतो. साठ वर्षे खाचरातल्या चकाकत्या पाण्याकडे वाकून भात लावणाऱ्या माणसाला तो झाला यात नवल नाही. नव्या कृत्रिम भिंगात अतिनील किरण अडवायची सोय केलेली असते, हे मी त्यांना समजावून सांगितले. "म्हणजे डोळ्यात पालवी घातली म्हणा की," ते म्हणाले.

या फाल्गुनात त्यांना वरकसात घेऊन गेलो. काठी टेकत टेकत ते रोपांमधून फिरले. गुडघ्याएवढ्या एका रोपाला शेंड्यावर चार लाल पाने फुटली होती. खाली बसून त्यांनी ती बराच वेळ पाहिली, बोटाने उलटी करून पाहिली.

"मोठ्या झाडाची याहून लाल असायची," ते म्हणाले. मग शेजारच्या रोपाकडे बोट दाखवून, "आणि ह्याच्यावर ही डहाळी कशाला रोवून ठेवलीय?"

उन्हाळा कडक आहे, म्हणून मीच ती सावलीला लावली होती.

"काढा ती."

मी उठून काढली.